पाण्याचा कस लावणारा थेंब

गंगेच्या पाण्यात प्राणवायू किती? औषधाच्या कोरड्या पुडीत पाणी किती? दोन्ही प्रश्न ऐकायला अगदी वेगळे वाटतात, पण उत्तर देणारी रीत एकच आहे. ती आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत केली आणि परीक्षेनंतर विसरूनही गेलो.

कार्तिकातली सकाळ होती. काशीच्या पंचगंगा घाटावर स्नानाची गर्दी ओसरत आली होती. मावशीला घेऊन मी पायऱ्या चढत होतो. या घाटावर आले की मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला दगडी दीपस्तंभ इथेच आहे. वर बिंदुमाधवाचे देऊळ आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले. शेजारच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. आणि अरुंद गल्लीतून थोडे वर गेले की मंगला गौरीचे देऊळ लागते. काशीतल्या नऊ गौरींपैकी ही एक.

लग्नानंतरची पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी जिची पूजा केली, जिच्यासाठी रात्र रात्र जागवली, तिचे प्रत्यक्ष देऊळ पाहून मावशीचे डोळे भरून आले. दर्शन झाले. परतताना तिने पिशवीतून तांब्याचा एक लहान गडू काढला. तोंड डाख लावून बंद केलेला. गावाकडे देवघरात असाच एक गडू पस्तीस वर्षे आहे. तो आजोबांनी आणलेला. आता हा नवा.

गल्लीच्या तोंडाशी ओळखीच्या एका मराठी कुटुंबातले गृहस्थ आम्हाला भेटायला आले होते. काशीतली त्यांची ही चौथी पिढी. आयुष्यभर त्यांनी रसायनशास्त्र शिकवले. मावशीने त्यांना सरळच विचारले, "सर, खरं सांगा हं. हे पाणी चांगलं आहे ना? नातीला बाळ झालंय. बारशाला दोन थेंब तोंडात घालायचे आहेत."

सर जरा थांबले. मग म्हणाले, "ताई, चांगलं म्हणजे काय ते आधी ठरवू. श्रद्धेचं तुम्ही बघा. बाकीचं मोजून सांगता येतं. थेंबाथेंबानं मोजतात."

त्यानंतर तासभर त्यांच्या ओसरीवर चहा घेत जे ऐकले, त्यातून हा लेख तयार झाला.

नारळ उरला की हिशेब कळला

या थेंबाथेंबाने मोजण्याच्या रीतीला शास्त्राच्या पुस्तकात 'अनुमापन' म्हणतात, इंग्रजीत टायट्रेशन. मूळ शब्द फ्रेंच आहे आणि तो सोन्या-चांदीच्या धंद्यातला आहे. धातू किती अस्सल, त्याचा कस किती, या अर्थाचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही रीत नावारूपाला आणली आणि 1832 साली चांदीचा कस काढण्यासाठी तिचा वापर करून दाखवला. म्हणजे सोनाराची कसोटी आणि कॉलेजातले ब्युरेट ही एकाच गावची पाहुणी आहेत.

रीत समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. समजा, आपल्याकडे मंगळागौरीचे हळदीकुंकू आहे. सवाष्णी किती आल्या हे मोजायला कुणी दारात उभे नाही. पण आपण पन्नास नारळ आणले होते आणि प्रत्येकीची ओटी एकाच नारळाने भरली. शेवटी आठ नारळ उरले. बेचाळीस सवाष्णी आल्या, हे न मोजताच कळले.

अनुमापनात हेच करतात. जे मोजायचे आहे त्याच्याशी ठरलेल्या प्रमाणात संयोग पावणारा पदार्थ घ्यायचा. तो ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या उभ्या नळीत भरायचा. खाली शंकूच्या आकाराच्या काचपात्रात नमुना ठेवायचा. वरून थेंब थेंब सोडत राहायचे. जोवर खाली 'ओटी भरून घेणारे' शिल्लक आहेत तोवर पडलेला प्रत्येक थेंब नाहीसा होतो. ते संपले की पुढचा थेंब बिनकामाचा उरतो आणि रंग पालटतो. तिथे तोटी बंद करायची. वरचे किती खर्च झाले ते खुणेवर वाचायचे आणि साधा गुणाकार करायचा.

यात खरी परीक्षा शेवटच्या थेंबाची असते. रंग पालटण्याआधी थांबलो तर उत्तर कमी येते, घाईने चार थेंब जास्त पडले तर जास्त. म्हणूनच जाणकार माणूस एका आकड्यावर विसंबत नाही. तोच प्रयोग दोन-तीनदा करतो आणि आकडे जुळले तरच वहीत लिहितो.

गंगेचा श्वास

आता गंगेकडे येऊ. हवेतला प्राणवायू थोड्या प्रमाणात पाण्यात विरघळतो. मासे आणि पाण्यातले असंख्य जीव त्याच्यावर जगतात. पाणी थंड असेल तर प्राणवायू जास्त मावतो. 20 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साधारण साडेसात मिलिग्रॅम. नदीत सांडपाणी आले की ते कुजवणारे जंतू वाढतात आणि हा प्राणवायू खाऊन टाकतात. म्हणजे पाण्यातला प्राणवायू मोजणे हे नदीची नाडी पाहण्यासारखेच झाले.

ही नाडी पाहण्याची रीत लायोश विंकलर या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञाने 1888 साली शोधली. आज विजेवर चालणारी उपकरणे आली आहेत, तरी त्यांचा खरेखोटेपणा तपासायला ही जुनी रीत अजूनही वापरतात.

काचेच्या बुचाची 300 मिलिलिटरची बाटली नदीच्या पाण्याने काठोकाठ भरतात. आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण बुडबुड्यातला प्राणवायू हिशेब बिघडवतो. मग त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइड मिसळलेला तीव्र अल्कली घालतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. प्राणवायू मुळीच नसेल तर साका पांढराच राहतो. सर म्हणाले, "आकडा नंतर येतो ताई, पण नदीची तब्येत त्या साक्याच्या रंगावरच निम्मी कळते."

त्यानंतर गंधकाम्ल घातले की साका विरघळतो आणि जितका प्राणवायू होता त्याच्या प्रमाणात आयोडिन मोकळे होते. प्राणवायूच्या एका रेणूमागे आयोडिनचे दोन रेणू, असा इथला व्यवहार. पाणी पिवळसर दिसू लागते. हे तेच आयोडिन, जे टिंक्चर म्हणून आपण खरचटलेल्या गुडघ्यावर लावतो.

आता यातले 200 मिलिलिटर घेऊन वरून सोडियम थायोसल्फेटचे थेंब सोडायचे. ते आयोडिन खात जाते, पिवळा रंग फिका होतो. रंग गवताच्या वाळक्या काडीसारखा झाला की थोडे स्टार्च, म्हणजे पिठाच्या खळीचे पाणी घालायचे. लगेच गर्द निळा रंग येतो. बटाट्यावर आयोडिनचा थेंब टाकून शाळेत पाहिलेला तोच हा निळा. पुन्हा थेंब, थेंब, थेंब. एका थेंबाला निळाई अचानक पुसली जाते. संपला प्रयोग. द्रावणाची तीव्रता ठरावीक ठेवली, तर जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले तितके मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरमध्ये होता. समजा 7.2 मिलिलिटर लागले, तर उत्तर 7.2.

पण एवढ्यावर भागत नाही. त्याच पाण्याची दुसरी बाटली 27 अंश तापमानात, अंधारात तीन दिवस ठेवतात आणि मग तिच्यातला प्राणवायू मोजतात. तो समजा 4.8 भरला. मधल्या 2.4 मिलिग्रॅमचे काय झाले? पाण्यातल्या घाणीवर जगणाऱ्या जंतूंनी तो वापरला. ही भूक जितकी मोठी, तितकी घाण जास्त. आपल्या देशात उघड्यावरच्या स्नानासाठी जे मापदंड आहेत, त्यांत प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम आणि ही भूक 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे म्हटले आहे.

काशीत या आकड्यांसाठी लढाई झालेली आहे. 14 जून 1986 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी इथल्याच राजेंद्रप्रसाद घाटावर गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. त्याआधी चार वर्षे, 1982 मध्ये, संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी गंगेसाठी संकटमोचन फाउंडेशन काढले होते. हे महंत बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते. पहाटे गंगेत स्नान करायचे आणि त्याच गंगेचे पाणी तुलसी घाटावरच्या प्रयोगशाळेत तपासायला लावायचे, अशी त्यांची रीत. सरकारी कामाने नदी सुधारली का, हे सरकारच्याच कागदावरून न ठरवता स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून विचारण्याची सोय त्यांनी करून ठेवली. 2013 साली ते गेले. श्रद्धा आणि ब्युरेट एका माणसाच्या हातात सुखाने नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

"मग माझ्या गडूचं काय?"

मावशीचा प्रश्न मात्र तसाच होता. सरांनी तो टाळला नाही.

"गंगाजल सडत नाही असं आपण म्हणतो. त्याला अगदीच आधार नाही असं नाही. 1896 साली हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं आग्र्याला असताना लिहून ठेवलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पुढं 1917 मध्ये जंतूंना खाणारे विषाणू सापडले आणि हँकिनच्या त्या नोंदीची पुन्हा आठवण झाली. पण ते सगळ्या जंतूंना पुरून उरत नाहीत हो! आणि मी आत्ता सांगितलेला प्रयोग जंतू मोजतच नाही. त्यासाठी वेगळी तपासणी असते. प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातही मैल्यातले जंतू असू शकतात."

मावशी गडूकडे बघत राहिली. सर हळूच म्हणाले, "देवघरात ठेवा. बाळाच्या कपाळाला लावा. तोंडात मात्र उकळून गार केलेलं सुद्धा घालू नका. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं, पाणीसुद्धा लागत नाही."

मावशी काही बोलली नाही. पण गडू तिने पिशवीत पुन्हा नीट ठेवला.

उलटा प्रश्न: पाणी किती?

आत्तापर्यंत आपण पाण्यात काय आहे ते मोजले. आता उलट बाजूने पाहू. एखाद्या वस्तूत पाणी किती आहे, हे कसे मोजायचे?

गृहिणीला हा प्रश्न नवा नाही. लोणी कढवताना ती तडतड ऐकत असते. तडतड म्हणजे लोण्यातले पाणी उडते आहे. आवाज थांबला, बेरी तांबूस झाली की तूप झाले. पाणी राहिले तर तुपाला वास येतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत तुपात पाण्याचा अंश जास्तीत जास्त अर्धा टक्का चालतो.

मग तापवून वजन घटले तेवढे पाणी, असे म्हणता येणार नाही का? धान्यासाठी, पिठासाठी तसे करतातही. पण तापवल्यावर पाण्याबरोबर सुगंधी तेले, अल्कोहोल असे पदार्थही उडून जातात आणि घट उगाच मोठी दिसते. काही पदार्थ उष्णतेने बिघडतात. काहींच्या स्फटिकात पाणी असे घट्ट बसलेले असते की साध्या उष्णतेने ते पुरते निघतच नाही. आणि तेलात दहा लाख भागांमागे वीस-तीस भाग पाणी असेल, तर ते तराजूला कसे कळावे?

बर्लिनमध्ये खनिज तेलाच्या उद्योगात काम करणाऱ्या कार्ल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञापुढे असाच पेच होता. त्याला द्रवरूप सल्फर डायऑक्साइडमधले पाणी मोजायचे होते. आयोडिन आणि सल्फर डायऑक्साइड यांचा संयोग पाणी असेल तरच होतो, ही माहिती बुन्सेनच्या काळापासून होती. फिशरने तिचाच उपयोग केला. आयोडिन, सल्फर डायऑक्साइड, मिथेनॉल आणि पिरिडिन यांचे द्रावण करून 1935 साली त्याने आपली रीत प्रसिद्ध केली.

इथे पुन्हा आपले हळदीकुंकू आठवावे. या वेळी नारळ म्हणजे आयोडिन आणि सवाष्ण म्हणजे पाण्याचा रेणू. एका रेणूला एकच नारळ. जोवर नमुन्यात पाणी आहे तोवर वरून पडणारे तपकिरी आयोडिन नाहीसे होत राहते. पाणी संपले की पुढच्या थेंबातले आयोडिन तसेच उरते आणि फिकट पिवळा रंग तपकिरीकडे झुकतो. हल्ली हा क्षण डोळ्याऐवजी प्लॅटिनमच्या दोन तारा ओळखतात. आयोडिन उरले की त्यांच्यातल्या विजेच्या वर्तनात एकदम फरक पडतो.

गंमत अशी की फिशरने स्वतः हा हिशेब चुकीचा मांडला होता. आयोडिनच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू, असे त्याला वाटले. 1939 साली अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो दुरुस्त केला. तरीही फिशरची उत्तरे चुकत नव्हती. कारण रोज काम सुरू करताना पाण्याची ठाऊक असलेली मात्रा घेऊन द्रावणाचा कस आधी ठरवायचा, अशी रीत होती. आजही त्यासाठी सोडियम टार्ट्रेटचे स्फटिक वापरतात. त्यात पाणी नेमके 15.66 टक्के असते. तराजू वापरण्याआधी वजनाचे माप तपासून घेण्यासारखेच हे.

या कामातला मोठा शत्रू म्हणजे आपली हवा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत मीठ पाझरते, पापड सादळतात. तीच ओल या द्रावणातही शिरते. म्हणून सगळे उपकरण बंद ठेवतात, हवा आत जाईल तिथे ओल शोषणारी नळी बसवतात आणि नमुना क्षणात तोलून आत टाकतात. पिरिडिनचा उग्र दर्पही आता सोसावा लागत नाही. 1980 च्या सुमारास त्याच्या जागी इमिडाझोल आले. पाणी अगदीच कमी असेल, तर ब्युरेटही लागत नाही. उपकरण विजेने जागेवरच आयोडिन तयार करते आणि किती वीज लागली त्यावरून पाणी सांगते.

कोरडे औषध कोरडे का असते?

आता हे सारे आपल्या घरापर्यंत कसे येते ते पाहा. लहान मुलांना तापात प्रतिजैविकाचे औषध देतात. दुकानातून बाटली आणतो तेव्हा तिच्यात कोरडी पावडर असते. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून ती आपणच हलवायची असते. कारखान्यातच पाणी घालून का देत नाहीत?

कारण पाणी हेच अशा औषधाचे आयुष्य कमी करते. अमॉक्सिसिलिनसारख्या औषधाच्या रेणूत एक चौकोनी कडी असते, तिच्यातच त्याची ताकद आहे. पाण्यात राहिल्यावर ती कडी हळूहळू तुटत जाते. म्हणून कारखान्यात पाण्याचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी फिशरच्याच रीतीने होतो.

नेहमीच्या अमॉक्सिसिलिनच्या स्फटिकात पाण्याचे तीन रेणू मुळातच बांधलेले असतात. त्यामुळे औषधकोशात त्याच्यासाठी 11.5 ते 14.5 टक्के पाणी अशी मर्यादा असते. समजा 200 मिलिग्रॅम नमुना घेतला. द्रावणाचा कस मिलिलिटरमागे 5 मिलिग्रॅम पाणी असा आहे आणि 5.2 मिलिलिटर खर्च झाले. पाणी झाले 26 मिलिग्रॅम, म्हणजे 13 टक्के. माल पास! तेच 6.4 मिलिलिटर लागले असते, तर पाणी 16 टक्के भरले असते आणि माल अडवावा लागला असता. कुठल्याशा मुलाचा ताप उतरणार की नाही, याचा एक धागा त्या थेंबांपर्यंत जातो.

इथे माझी स्वतःची एक चूक कबूल करायला हवी. थोरल्या मुलीसाठी कालवलेले असे औषध अर्धी बाटली उरले होते. तीन आठवड्यांनी धाकट्याला ताप आला. लक्षणे तीच दिसली, म्हणून मी तेच औषध द्यायला सुरुवात केली. दोन दिवसांत ताप हटेना. डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "यात आता औषध किती उरलंय हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही. आणि धाकट्याला हेच औषध हवं होतं, हे कुणी ठरवलं?" मुलगा बरा झाला, पण त्या दोन रात्री मी विसरलेलो नाही. बाटलीवर 'कालवल्यानंतर अमुक दिवसांत वापरा' असे लिहिलेले असते. ते मी तोवर कधी वाचलेच नव्हते.

घरातल्या घरात

ब्युरेट आपल्या स्वयंपाकघरात येणार नाही. पण त्यामागचा विचार येऊ शकतो.

कालवलेल्या औषधावर तारीख लिहून ठेवावी आणि मुदत संपली की उरलेले फेकून द्यावे. पाणी खुणेपर्यंतच घालावे, कमी-जास्त नको. गोळ्यांच्या डबीतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नये, ती तिथे कामावर असते. गोळ्यांचा डबा न्हाणीघरात किंवा गॅसजवळ ठेवू नये. आणि तीर्थाचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी डोळ्यांनी त्याची परीक्षा होत नाही, हे लक्षात असू द्यावे.

नाथांची कावड

निघताना सरांनी नाथांची आठवण काढली. एकनाथांनी आपले भागवत 1573 मध्ये काशीतच पुरे केले. त्यांची ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. काशीची गंगा कावडीने रामेश्वरला निघाली होती. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ती कावड त्याच्या मुखात रिती केली. "नाथांनी पाण्याचा कस बरोबर लावला," सर म्हणाले. "ज्याला गरज होती त्याला ते दिलं. आता आपली पाळी आहे. पुढच्याला द्यायचं पाणी कसं आहे, ते मोजून तरी ठेवू."

बारसे झाले. मंगला गौरीच्या पायऱ्यांवरून आलेला गडू आजोबांच्या गडूशेजारी देवघरात बसला. मावशीने दोन बोटे ओली करून पणतवंडाच्या कपाळाला लावली. कुणीतरी जुनी बाई म्हणाली, "अगं, तोंडात घाल की दोन थेंब!"

मावशी हसून म्हणाली, "नको. थेंबाचा हिशेब मोठा असतो."